न लिहिलेल्या नियमांची राखण कोण करतं?

२८ मार्च १९७९ च्या रात्री ब्रिटनच्या संसदेत जेम्स कॅलॅहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारवरचा अविश्वास ठराव मतदानाला आला. दोन्ही बाजू एकेक मत मोजत होत्या. मजूर पक्षाचे खासदार आल्फ्रेड ब्रॉटन अंथरुणाला खिळले होते आणि लंडनपर्यंतचा प्रवास त्यांच्या जिवावर बेतण्याची भीती होती. अशा वेळेसाठी तिथल्या संसदेत एक जुनी रीत आहे. एका बाजूचा खासदार आजारपणामुळे येऊ शकत नसेल, तर दुसऱ्या बाजूचाही एक जण मतदानापासून दूर राहतो. आजारपणाचा लाभ कुणालाच मिळू नये, एवढाच त्यामागचा विचार.

सरकार पक्षाचे उपमुख्य प्रतोद वॉल्टर हॅरिसन यांनी हुजूर पक्षाचे उपमुख्य प्रतोद बर्नार्ड वेदरिल यांना या रीतीची आठवण करून दिली. सरकार राहणार की जाणार हे ठरत असताना आपल्या पक्षातला कुणीही यासाठी तयार होणार नाही, हे वेदरिल यांनी सांगितलं. पण दोघांमधला शब्द मोडणंही त्यांना पटेना. म्हणून त्यांनी स्वतःच मतदानापासून दूर राहण्याची तयारी दाखवली. तसं झालं असतं तर त्यांच्या पक्षाने त्यांना बहुधा कधीच माफ केलं नसतं. हॅरिसन हे जाणून होते. त्यांनी वेदरिल यांना त्या शब्दातून मोकळं केलं. ठराव ३११ विरुद्ध ३१० मतांनी मंजूर झाला, सरकार पडलं आणि मे महिन्यातल्या निवडणुकीनंतर मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. ब्रॉटन त्या मतदानानंतर काही दिवसांतच वारले.

या सगळ्या घडामोडीत कायदा कुठेच नाही. वेदरिल शब्द मोडून मतदानाला गेले असते तरी कुणी त्यांना कोर्टात खेचू शकलं नसतं. हॅरिसन यांनी त्यांना मोकळं केलं नसतं, तर तेही बेकायदेशीर ठरलं नसतं. तरीही एका देशाचं सरकार कोणाचं असावं हे ठरवणाऱ्या मतदानात दोन माणसं कागदावर कुठेच नसलेला एक नियम पाळत होती आणि त्यासाठी स्वतःचं नुकसान सोसायला तयार होती. लोकशाही टिकते ती बऱ्याच अंशी अशा नियमांवर, असं मला वाटतं.

लोकशाही म्हटलं की आपल्याला राज्यघटना, निवडणूक, न्यायालयं, संसद हे सगळं आठवतं. हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. त्याच्या भोवती आणि त्याच्या आत मात्र संकेतांचं, प्रघातांचं एक मोठं जाळं असतं. निवडणूक हरलेल्याने पराभव मान्य करायचा. सत्तेवर आलेल्याने आधीच्या सत्ताधाऱ्यांना सूड म्हणून तुरुंगात टाकायचं नाही. सरकारी यंत्रणा पक्षाच्या कामाला जुंपायची नाही. विरोधी पक्षाला बोलू द्यायचं, आणि तो चुकतो आहे असं वाटलं तरी त्याला देशाचा शत्रू म्हणायचं नाही. यातल्या काही गोष्टींना कायद्याचा थोडाफार आधार असतो, काहींना अजिबात नसतो.

काही ठिकाणी तर व्यवस्थेचा कणाच अलिखित असतो. ब्रिटनमध्ये संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाची संमती लागते, आणि ती नाकारण्याचा अधिकार कागदोपत्री आजही आहे. पण राणी अ‍ॅन हिने १७०८ साली एका विधेयकाला संमती नाकारली, त्यानंतर कुठल्याही राजा-राणीने तसं केलेलं नाही. ब्रिटनला एका ग्रंथात बांधलेली राज्यघटना नाही म्हणून तिथे असं चालत असेल, असं वाटू शकतं. पण भारताची राज्यघटना जगातल्या सर्वात मोठ्या लिखित घटनांपैकी एक आहे, आणि तिच्या ७५ व्या अनुच्छेदात पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतील एवढंच म्हटलं आहे. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असेल हेही तिथे आहे. पण बहुमत असलेल्या पक्षाच्या किंवा आघाडीच्या नेत्यालाच आधी बोलवायचं, कुणालाच बहुमत नसेल तर कोणत्या क्रमाने विचारायचं, हे तिथे सापडणार नाही. ते संकेतांनी ठरत आलं आहे.

मग सगळं लिहूनच का काढू नये? हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे.

कर्मचारी कधीकधी ‘नियमानुसार काम’ आंदोलन करतात. संप करत नाहीत, सुट्टी घेत नाहीत, नियमपुस्तिकेतलं प्रत्येक कलम शब्दशः पाळतात. आणि काम ठप्प होतं. कुणीही नियम मोडलेला नसतो, तरी सगळं खोळंबतं, कारण रोजचं काम नियमांच्या जोडीला समजूतदारपणावर, एकमेकांना सांभाळून घेण्यावर चाललेलं असतं. तो समजूतदारपणा काढून घेतला की नियमाचं पुस्तक तेवढं उरतं. राज्यव्यवस्थेचंही असंच होतं. एखाद्याने ठरवलं तर घटनेतल्या प्रत्येक अधिकारावर बोट ठेवून, एकही कलम न मोडता, तो लोकशाही बंद पाडू शकतो.

याचं एक कारण असं की काही अधिकार मुद्दामच सैल ठेवावे लागतात. आणीबाणीची तरतूद, माफीचा अधिकार, नेमणुकांचा अधिकार, सभागृह बोलावण्याचा आणि बरखास्त करण्याचा अधिकार: हे जास्त आवळले तर खऱ्या संकटात हात बांधले जातात, आणि सैल ठेवले तर खोट्या संकटातही वापरता येतात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत आलेली वायमार राज्यघटना त्या काळातल्या उत्तम घटनांमध्ये गणली जायची. तिच्या ४८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला संकटकाळात वटहुकूम काढायचा अधिकार दिला होता. १९३० नंतर संसदेत बहुमत जमेना, तेव्हा वटहुकमांवर राज्य करणं हीच तिथली रीत होऊन बसली. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला तो बंड करून नाही. राष्ट्राध्यक्षाने त्याची रीतसर नेमणूक केली होती.

दुसरं कारण आणखी मूलभूत आहे. नियम पाळायलाच हवेत, असा नियम केला तरी तो कोण पाळायला लावणार? न्यायालय निकाल देतं, पण न्यायालयाकडे फौज नसते. फौज सरकारकडे असते. सरकारने निकाल मानायचा, फौजेने सरकारचा बेकायदेशीर हुकूम मानायचा नाही, ही साखळी कुठेतरी कलमांच्या पलीकडे जाते आणि माणसांच्या सवयीवर, लाजेवर, परस्परांच्या अपेक्षेवर येऊन थांबते. अशी जागा कितीही लिहिलं तरी उरतेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे नियम लिहिलेले नाहीत, मोडणाऱ्याला शिक्षा नाही, तरी ते टिकतात कसे?

नेहमीचं उत्तर असं की विरोधी पक्ष आणि वर्तमानपत्रं ओरड करतात म्हणून. मला हे उत्तर अपुरं वाटतं. विरोधक ओरडणारच; तो त्यांचा धंदा आहे असं सत्ताधाऱ्यांचे समर्थक गृहीतच धरून चालतात. ओरडा खरा असो की खोटा, तो त्यांना सारखाच ऐकू येतो. सत्ताधाऱ्याला खरी भीती वाटते ती स्वतःच्या बाजूच्या माणसांची. आपले आमदार-खासदार, आपण नेमलेले अधिकारी, आपले मतदार ‘हे चालणार नाही’ म्हणाले, तर पायाखालची जमीन सरकते. इतिहासात असे संकेत तगले ते बहुतेक वेळा मोडणाऱ्याच्या गोटातल्या लोकांनी त्याला अडवलं म्हणून.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची गोष्ट याचा चांगला नमुना आहे. १९३६ ची निवडणूक त्यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून घेतली होती. सर्वोच्च न्यायालय मात्र त्यांचे मंदीवरच्या उपायांचे कायदे एकामागून एक रद्द करत होतं. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी तोडगा मांडला: सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा न्यायाधीश नेमायचा, जास्तीत जास्त सहा. नऊ जणांचं न्यायालय पंधरांपर्यंत नेता आलं असतं आणि बहुमत फिरलं असतं. यात घटनाबाह्य काहीच नव्हतं. न्यायाधीशांची संख्या घटनेत दिलेलीच नाही, ती साध्या कायद्याने ठरते, आणि एकोणिसाव्या शतकात ती अनेकदा बदललीही होती. १८६९ पासून मात्र नऊचा आकडा कायम राहिला होता आणि निकाल आवडले नाहीत म्हणून न्यायालय फुगवायचं नाही, अशी समजूत रुजली होती.

सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, ९६ पैकी सत्तरहून अधिक सदस्य रूझवेल्ट यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. विरोधकांनी कितीही आदळआपट केली असती तरी विधेयक सहज मंजूर व्हायला हवं होतं. ते अडवलं डेमोक्रॅट सदस्यांनी. त्यांचंच बहुमत असलेल्या समितीने अहवालात लिहिलं की ही सूचना इतक्या ठामपणे फेटाळली जावी की पुन्हा असं काही आणायचं कुणाच्या मनात येऊ नये. जुलैमध्ये विधेयक परत समितीकडे पाठवून गाडलं गेलं. तोपर्यंत न्यायालयाचाही कल काहीसा बदलला होता आणि विधेयकाची निकड कमी झाली होती, हेही खरं. पण आपल्याच लोकप्रिय नेत्याला, तो नुकताच प्रचंड बहुमताने निवडून आलेला असताना, त्याच्याच पक्षाने ‘नाही’ म्हटलं, ही गोष्ट लहान नाही.

वॉटरगेट प्रकरणात अडकलेले अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या बाबतीतही शेवटचा निर्णायक धक्का घरातूनच आला. ७ ऑगस्ट १९७४ ला बॅरी गोल्डवॉटर आणि रिपब्लिकन पक्षाचे आणखी दोन ज्येष्ठ नेते त्यांना भेटायला गेले आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, तुम्हाला वाचवण्याइतकी मतं उरलेली नाहीत, हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. जानेवारी २०२१ मध्ये, अध्यक्षपदाची निवडणूक हरलेल्या डॉनल्ड ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्यात निवडणुकीचं काम पाहणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं ‘शोधून’ हवी असल्याचं सांगितलं. रॅफेन्सपर्गर रिपब्लिकनच होते. त्यांनी नकार दिला. हा नकार एखाद्या डेमोक्रॅट अधिकाऱ्याने दिला असता, तर तो पक्षीय वैर म्हणून बाजूला सारणं सोपं गेलं असतं.

अशी माणसं आभाळातून पडत नाहीत. पक्षातला सदस्य नेत्याला अडवायचं धाडस करतो, कारण बाहेरचा समाज आपल्याला पाठिंबा देईल, निदान वाळीत टाकणार नाही, असा त्याला भरवसा असतो. इथे सामान्य मतदाराचा संबंध येतो. संकेत हा लाखो लोकांमधला एक मूक करार असतो: अमुक रेषा ओलांडली तर आम्ही कुणाच्याही बाजूचे असलो तरी गप्प बसणार नाही. यात प्रत्येकाला फक्त स्वतःचं मत माहीत असून भागत नाही. इतरांनाही तसंच वाटतं आणि तेही बोलतील, हा विश्वास असावा लागतो. तो विश्वास आहे तोवर रेषेपर्यंत जायचीच कुणाची हिंमत होत नाही, आणि म्हणून करार अस्तित्वात असल्याचं आपल्या लक्षातही येत नाही. एकदा कुणी रेषा ओलांडली आणि काहीच झालं नाही, की नवा पायंडा पडतो. पुढच्याला तेवढ्या धाडसाचीही गरज उरत नाही.

मतदारांची ही भूमिका कठीण आहे, हे मान्य करायला हवं. मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक या अभ्यासकांनी २०२० साली अमेरिकी मतदारांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या पक्षाच्या उमेदवाराने लोकशाहीविरोधी भूमिका घेतली तर किती मतदार त्याला सोडून देतात, हे त्यांनी तपासलं. असे मतदार फारच थोडे निघाले. बहुतेकांना लोकशाही हवी असते, पण तिची किंमत आपल्या पक्षाच्या पराभवाच्या रूपात मोजायची वेळ आली की ते अडखळतात. समाज जितका टोकाच्या दोन तटांत विभागलेला, तितकी ही किंमत मोठी वाटते. पलीकडचे सत्तेवर आले तर सगळं संपलं, अशी धास्ती बसली की आपल्या नेत्याचा कुठलाही उद्योग क्षम्य वाटू लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिलेला इशारा मी या संदर्भात वाचतो. धर्मात भक्ती ही मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असं ते म्हणाले होते. हा इशारा सहसा नेत्यांच्या अहंकाराबद्दल म्हणून सांगितला जातो. मला तो अनुयायांना उद्देशून जास्त वाटतो. भक्त आपल्या नेत्याला थांबवू शकत नाही, आणि नेत्याला थांबवू शकणारं दुसरं कुणी नसतंच.

डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यात वकिलांपुढे बोलताना, लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं हे सांगताना, त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचा दाखला दिला होता. लोक वॉशिंग्टन यांना देवासारखं मानत होते, पुन्हा पुन्हा अध्यक्ष करायला तयार होते. तेव्हाच्या घटनेत कितीही वेळा निवडून यायला बंदी नव्हती. वॉशिंग्टन दोन मुदतींनंतर, १७९७ साली, बाजूला झाले. त्यांनी घातलेला पायंडा जवळजवळ दीडशे वर्षं टिकला. युलिसिस ग्रँट आणि थिओडोर रूझवेल्ट यांनी तिसऱ्यांदा प्रयत्न करून पाहिला, तो फसला. १९४० मध्ये महायुद्धाच्या सावटाखाली फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा आणि १९४४ मध्ये चौथ्यांदा निवडून आले, आणि संकेत तुटला. मग अमेरिकेने तो घटनेत लिहून घेतला. दोन मुदतींची मर्यादा घालणारी २२ वी घटनादुरुस्ती १९५१ साली लागू झाली.

तुटण्याची क्रिया प्रत्यक्षात कशी घडते, हे पाहायला ऑस्ट्रेलियातलं १९७५ साल मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिथल्या सिनेटमध्ये एखादी जागा मधेच रिकामी झाली, तर त्या राज्याच्या विधिमंडळाने नवा सदस्य निवडायचा, असं घटनेत होतं. कोणत्या पक्षाचा, ते लिहिलेलं नव्हतं. १९४९ पासून मात्र ज्या पक्षाची जागा रिकामी झाली त्याच पक्षाचा माणूस पाठवायचा, हा संकेत सगळे पाळत होते. १९७५ च्या सुरुवातीला पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या मजूर पक्षाची एक जागा रिकामी झाली, तेव्हा न्यू साउथ वेल्समधल्या विरोधी पक्षाच्या सरकारने तिथे एका अपक्षाला पाठवलं. काही महिन्यांनी दुसऱ्या एका मजूर सदस्याचं निधन झालं. या वेळी क्वीन्सलंडने अल्बर्ट फील्ड नावाच्या माणसाला पाठवलं. तो नावाला मजूर पक्षाचा होता आणि व्हिटलम यांचा उघड विरोधक होता.

घटना मोडली गेली नाही. फक्त सिनेटमधलं पारडं किंचित कललं, आणि पुढच्या घडामोडींना तेवढं पुरलं. ऑक्टोबरमध्ये विरोधकांनी सिनेटमधल्या त्या निसटत्या आघाडीच्या जोरावर सरकारच्या खर्चाची विधेयकं रोखून धरली. वरिष्ठ सभागृहाने पैसा अडवून सरकार पाडायचं नाही, हा आणखी एक संकेत होता, तोही गेला. सरकारचा पैसा संपत आला. ११ नोव्हेंबर १९७५ ला ब्रिटनच्या राणीचे तिथले प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेल्या पंतप्रधानाला बडतर्फ केलं आणि विरोधी नेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमलं. केर यांची नेमणूक व्हिटलम यांच्याच शिफारशीने झाली होती. एका राज्यातल्या एका जागेवरून सुरू झालेली गोष्ट नऊ-दहा महिन्यांत इथवर आली, आणि प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी घटनेतलं कलम दाखवू शकत होतं.

एक संकेत मोडला की तो एकटा जात नाही. समोरचाही हिशेब मांडतो: तुम्ही पाळत नाही, तर आम्हीच का पाळायचं? अमेरिकेत न्यायाधीशांच्या नेमणुकांवरून हेच चाललं आहे. २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी सर्वोच्च न्यायालय सोडून इतर नेमणुकांसाठीची मोठ्या बहुमताची अट काढून टाकली, कारण रिपब्लिकन नेमणुका अडवून धरत होते. २०१६ मध्ये ओबामा यांनी मेरिक गारलंड यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं, तेव्हा रिपब्लिकनांनी निवडणुकीचं वर्ष असल्याचं सांगून त्यांची सुनावणीही घेतली नाही. २०१७ मध्ये मोठ्या बहुमताची अट सर्वोच्च न्यायालयासाठीही गेली. आणि २०२० मध्ये, निवडणूक जेमतेम आठवड्यावर असताना, त्याच रिपब्लिकनांनी एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक मंजूर केली. प्रत्येक बाजूकडे आपल्या कृत्याचं कारण आहे, आणि ते कारण पलीकडच्यांचं आधीचं कृत्य हेच आहे.

आतापर्यंत बहुतेक नेत्यांचं आणि संसदांचं बोललो. नागरिकांच्या पातळीवरचे संकेत याहूनही खोल असतात, कारण वरचं सगळं त्यांच्यावर उभं असतं. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सुक-योल यांनी अचानक लष्करी कायदा पुकारला. संसदेने बहुमताने मागणी केली तर अध्यक्षाने तो उठवलाच पाहिजे, हे तिथल्या घटनेत लिहिलेलं आहे. पण संसदेत पोहोचायचं कसं? सैनिक आवारात उतरले होते. लोक मध्यरात्री रस्त्यावर आले आणि संसदेबाहेर उभे राहिले, कर्मचाऱ्यांनी आतून दारांना खुर्च्या-टेबलं लावली, सभापती कुंपण चढून आत गेले. हजर असलेल्या सर्वच्या सर्व १९० सदस्यांनी लष्करी कायद्याविरुद्ध मत दिलं. त्यात युन यांच्या स्वतःच्या पक्षाचेही सदस्य होते, आणि त्या पक्षाच्या प्रमुखाने सुरुवातीलाच या निर्णयाला विरोध जाहीर केला होता. काही तासांत लष्करी कायदा मागे घ्यावा लागला. घटनेतलं कलम उपयोगी पडलं, कारण ते अमलात आणायला माणसं घराबाहेर पडली. दशकांपूर्वीच्या लष्करी राजवटीची आठवण त्या समाजात जिवंत होती.

इथपर्यंत वाचून अलिखित नियम म्हणजे सगळं चांगलंच, असं कुणाला वाटलं तर ते धोक्याचं ठरेल. लोकशाही पोखरणारे नियमही अलिखितच असतात. अमेरिकेत १८७० च्या १५ व्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांना मताचा हक्क दिला. दक्षिणेतल्या राज्यांनी तो पुढची नव्वदेक वर्षं बऱ्याच अंशी कागदावरच ठेवला. त्यासाठी कायदे वापरले, आणि त्यांच्या जोडीला वापरल्या धमक्या, झुंडीची हिंसा, नोंदणी कार्यालयातला कारकून गोऱ्याला आणि काळ्याला वेगवेगळे प्रश्न विचारतो ही रीत. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुठेच न लिहिलेली. ती मोडायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. वॉशिंग्टनमधले दोन पक्ष त्या काळात एकमेकांशी बऱ्यापैकी सौजन्याने वागत होते, आणि त्या सौजन्यातला काही भाग तरी या अन्यायाकडे काणाडोळा करण्याच्या समझोत्यावर उभा होता. हे विसरून त्या जुन्या सभ्यतेचे गोडवे गाणं मला जमत नाही.

म्हणून कुठलाही संकेत जुना आहे एवढ्याने पूज्य ठरत नाही. तो कुणाला आवरतो हे पाहावं. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याचा हात तो रोखत असेल, तर तो मोडण्याआधी दहादा विचार करावा. ज्याच्या हाती काहीच नाही त्यालाच तो दाबत असेल, तर तो मोडणं हेच लोकशाहीचं काम आहे.

आंबेडकरांना या दोन्ही बाजूंची जाण होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार जॉर्ज ग्रोट याच्या संविधानिक नीतिमत्तेच्या, म्हणजे घटनेच्या चौकटीबद्दल मनापासून आदर बाळगण्याच्या, कल्पनेचा उल्लेख केला आणि ही भावना निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते, असं सांगितलं. भारतातली लोकशाही हा मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवर दिलेला वरचा थर आहे, हेही त्याच भाषणातलं. या भाषणातला त्यांचा युक्तिवाद फार महत्त्वाचा आहे आणि तो क्वचितच पूर्ण सांगितला जातो. घटनेत प्रशासनाचे इतके बारीक तपशील कशाला, अशी टीका झाली होती. त्यांचं उत्तर असं की घटनेचा एक शब्दही न बदलता, नुसतं प्रशासनाचं रूप बदलून घटना विकृत करता येते. जिथे ती नीतिमत्ता लोकांत मुरलेली आहे तिथे तपशील सोडून देता येतात. जिथे अजून मुरलेली नाही, तिथे ते लिहून ठेवणं शहाणपणाचं.

लिहून ठेवण्याचा उपाय ऑस्ट्रेलियानेही केला. १९७७ च्या सार्वमताने रिकाम्या जागेवर त्याच पक्षाचा सदस्य नेमण्याचा नियम घटनेत गेला, आणि ही दुरुस्ती मांडली ती या संकेतभंगाचा फायदा झालेल्या फ्रेझर यांच्याच सरकारने. सिनेटचा पैसा अडवण्याचा अधिकार आणि गव्हर्नर जनरलचा बडतर्फीचा अधिकार मात्र घटनेत होता तसाच राहिला. अमेरिकेने २०२२ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीच्या संसदेतल्या मतमोजणीचा जुना कायदा सुधारून त्यातलं उपाध्यक्षाचं काम केवळ औपचारिक असल्याचं स्पष्ट केलं. हरलेल्याने पराभव मान्य करावा, असं कलम कोणत्या कायद्यात घालणार आणि ते न पाळणाऱ्याचं काय करणार? काही गोष्टी लिहिता येतात, काही येत नाहीत. न लिहिता येणाऱ्या गोष्टी तुटल्या, तर त्या पुन्हा कुणीतरी पाळायला सुरुवात करूनच सांधाव्या लागतात. आणि सुरुवात करणाऱ्याला बहुधा त्या वेळी तोटाच होणार असतो.

भारतात याचं एक उदाहरण घडून गेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सर्वात ज्येष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करायचं, हे घटनेत लिहिलेलं नाही; तो संकेत आहे. एप्रिल १९७३ मध्ये संसदेला घटनेची मूळ चौकट बदलता येत नाही असं ठरवणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागताच इंदिरा गांधी सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनीही त्या खटल्यात सरकारच्या विरोधात मत दिलं होतं. तिघांनी राजीनामे दिले. जानेवारी १९७७ मध्ये हंसराज खन्ना डावलले गेले. आणीबाणीतही नागरिकाला बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता आली पाहिजे, असं १९७६ च्या खटल्यात म्हणणारे ते एकटेच न्यायमूर्ती होते. त्यांनीही राजीनामा दिला.

काही महिन्यांनी जनता पक्षाचं सरकार आलं. त्याचे अनेक नेते आणीबाणीत तुरुंगात होते. १९७८ च्या सुरुवातीला सरन्यायाधीशपद रिकामं होणार होतं आणि ज्येष्ठतेने पाळी होती यशवंत चंद्रचूड यांची. १९७६ च्या त्या खटल्यात चंद्रचूड सरकारच्या बाजूने निकाल देणाऱ्या बहुमतात होते. त्यांना डावला, अशी मागणी झाली, आणि ती करणारे कुणी लोकशाहीचे विरोधक नव्हते. आणीबाणीने होरपळलेले, तत्त्वाला जागणारे लोक होते. नव्या सरकारकडे अधिकार होता, ताजा पायंडा होता आणि सबळ कारणही होतं. त्यांनी चंद्रचूड यांनाच सरन्यायाधीश नेमलं. त्यानंतर आजवर कुठल्याही सरकारने ती ज्येष्ठता मोडलेली नाही.